कडकपणा मॅचच्या आधी दाखवा, पोरगी बेसवर पोचल्यावर नको

शाळेच्या सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलच्याच जातीच्या खेळाच्या, मॅचमध्ये अंपायरनं सामानाच्या बारीकसारीक नियमांवर किती कडक राहावं, यावरून आमच्या बेळगावकडं पावसाळ्यात तालुका स्पर्धा लागल्या की तेच भांडण होतं. एक गट म्हणतो नियम म्हणजे नियम, पुस्तकात लिहिलंय तसं करा. दुसरा म्हणतो जाऊ दे की, पोरं आहेत, खेळू द्या. मला दोन्ही पटत नाही. माझं मत सरळ सांगतो: जे नियम कुणाला इजा होऊ नये म्हणून आहेत त्यात काडीचीही सूट नको, बाकीचे जे बारीक नियम आहेत ते मॅच सुरू व्हायच्या आधी बघून घ्या, आणि एकदा पहिला बॉल पडला की त्या बारीक नियमांवरून कुठल्याही पोराला आऊट देऊ नका, रन कापू नका, बाहेर बसवू नका. शिक्षा द्यायचीच असेल तर मोठ्यांना द्या, कोचला द्या, शाळेला द्या.

मी शाळांच्या मॅचना स्कोअर लिहायला बसतो, त्यामुळं टेबलावरून सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. आमच्याकडं सॉफ्टबॉल म्हणजे काही कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीसारखा घराघरातला खेळ नव्हे. गल्लीत क्रिकेट, गावात कबड्डी, आणि पीटी सरांना आवड असली तरच शाळेत सॉफ्टबॉल. सामान कमी. एका शाळेकडं बॅट असते तर हेल्मेट नसतं, दुसरीकडं हेल्मेट दोन असतात पण त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. ग्लोव्ह तर निम्म्या पोरांकडं नसतातच, म्हणून फिल्डिंगवाली टीम आत येताना आपले ग्लोव्ह मैदानातच ठेवून येते आणि दुसरी टीम तेच घालून उभी राहते, त्यात एखादी डावखुरी पोरगी असली की ती उलट्या हातात कसाबसा ग्लोव्ह अडकवून खेळते. पायात बहुतेकांच्या सरकारी शाळेत मिळालेले काळे बूट, तेच वर्गात तेच मैदानावर, आणि ऑगस्टच्या पावसात तांबड्या मातीत ते कसे घसरतात हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. जांबोटी-कणकुंबीकडची, खानापूर तालुक्यातल्या लांबच्या गावांची पोरं अंधारात उठून पहिल्या बसनं येतात, त्यांना मैदानावर आल्यावर कुणी सांगितलं की तुझ्या शर्टवर नंबर नाही, तर ती पोरं नंबर आणणार कुठनं?

पण हे सांगून मला कुणाची दया मागायची नाही. आधी कडकपणाचीच बाजू घेतो, कारण जिथं कडक राहायला पाहिजे तिथंच आपले लोक ढिले पडतात. सॉफ्टबॉलचा बॉल एकदा हातात घेऊन बघा. १२ इंच घेर, वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम, क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो म्हणजे त्याच्यापेक्षाही हा जड. क्रिकेटचं पिच २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, आणि इथं मोठ्या महिलांच्या खेळात पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, ४३ फुटांवरून टाकते, पुरुषांच्यात ४६ फुटांवरून, लहान गटांना तर अंतर आणखी कमी. हात खालून फिरवून टाकतात म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बॉल हळू येत असेल. हळू येत नाही. आणि कॅचर विकेटकीपरसारखा बॅटच्या मागं अगदी जवळ बसलेला असतो, बॅटची नुसती कड लागून बॉल वळला तर त्याला मान फिरवायलाही वेळ मिळत नाही. मास्क, मास्कखाली गळ्याचा गार्ड, छातीचा प्रोटेक्टर, लेग गार्ड हे सगळं त्यासाठी आहे. बॅटिंग करणाऱ्याला आणि बेसवर, म्हणजे रनसाठी एकामागून एक गाठायच्या ठिकाणांवर, पळणाऱ्याला दोन्ही कान झाकणारं हेल्मेट. लहान पोरांच्या खेळात बुटाला लोखंडी स्पाइक चालत नाहीत कारण दुसऱ्याच्या नडगीवर पाय पडला तर मांस फाटतं. ॲल्युमिनियमच्या बॅटला चीर पडलेली असेल, मुठीवरची ग्रिप सुटलेली असेल, तर ती बॅट लगेच बाजूला, कारण पावसात ओल्या हातातनं ती कधी सुटून कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही.

इथं "चालतंय की" चालत नाही. पण होतं काय, एका मॅचमध्ये कॅचरच्या मास्कचा गळ्याचा गार्ड बांधायची दोरी तुटली, पोरानं तो गार्ड काढून बाजूला ठेवला, अंपायरनं बघितलं, दोन्ही कोचनी बघितलं, आणि सगळ्यांचं एकच उत्तर, शेवटचीच इनिंग आहे, पाऊस यायच्या आत संपवूया. त्या पोराला काही झालं नाही हे नशीब. रमण लांबा आठवतो का बघा, भारताकडून टेस्ट खेळलेला माणूस, १९९८ साली ढाक्याला क्लबच्या मॅचमध्ये शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा राहिला, ओव्हरचे थोडेच बॉल राहिलेत म्हणून हेल्मेट मागवलं नाही असं सांगतात, आणि डोक्याला बॉल लागून तो गेला. अडतीस वर्षांचा कसलेला खेळाडू होता तो. आपण तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना "थोडंच राहिलंय" म्हणून गार्डशिवाय बॅटच्या मागं बसवतो. गळ्याचा गार्ड नाही तर मॅच थांबवा, दोरी शोधा, बुटाची लेस काढून बांधा, समोरच्या टीमचा मास्क मागून घ्या, पण त्याशिवाय एक बॉलही टाकू देऊ नका. बक्षीस द्यायला पाहुणे येऊन बसलेले असतील तर बसू देत.

आता दुसऱ्या जातीचे नियम. सगळ्यांचे शर्ट एका रंगाचे पाहिजेत, पाठीवर नंबर पाहिजे आणि एक नंबर दोघांना नको, बॅटवर खेळाच्या संघटनेच्या मान्यतेचा शिक्का पाहिजे, अंगावर दागिना नको. हे नियम फालतू आहेत असं मी म्हणणार नाही. प्रत्येकामागं कारण आहे, पण ते कारण काय आहे हे बघून तेवढ्यापुरताच नियम चालवला पाहिजे. पाठीवरचा नंबर कशाला? तर माझ्यासारख्या स्कोअर लिहिणाऱ्याला कोण खेळतंय ते कळावं म्हणून. मग कागदावर मार्करनं लिहून पिनेनं लावलेला नंबर पावसानं धुऊन गेला तर माझी अडचण आहे, मी नाव विचारून लिहीन, त्यासाठी पोराला बसवायची गरज काय?

दागिन्यांचं तर आमच्या भागात फार होतं, आणि इथं जरा थांबून बोलायला पाहिजे. अंगठी ग्लोव्हमध्ये अडकून बोट सोलवटतं, लोंबत्या रिंगा टॅग करताना, म्हणजे पळणाऱ्याला बॉल लावून आऊट करताना, ओढल्या जाऊन कान फाटतो, मोठं कडं दुसऱ्याच्या दातावर बसतं, हे सगळं खरं, ते उतरवायलाच पाहिजे. पण आमच्या पोरांच्या अंगावर असतं काय ते बघा. मनगटाला नाहीतर पायाला काळा दोरा. श्रावणात राखी, ती कितीतरी दिवस सोडत नाहीत. माळकऱ्याच्या घरातल्या पोराच्या गळ्यात तुळशीची माळ. लिंगायत घरातल्या पोराच्या गळ्यात इष्टलिंग. कुणाच्या दंडाला ताईत. पोरींच्या कानातली बारीक कुडी, जी सोनारानं अशी दाबून बसवलेली असते की ती घरी आईलाही निघत नाही, मैदानावर पीटी सरांना काय निघणार? एका पोरीचा कान ओढून ओढून लाल केलेला मी बघितलाय, दोन बाई शिक्षिका, साबणाचं पाणी, आणि तिकडं टीम आठ जणींवर अडकून उभी, कारण नऊ झाल्याशिवाय मॅच सुरू होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात काय आहे? अंपायरला जो उघडा दागिना धोकादायक वाटेल तो काढायला लावायचा, आणि आजाराची माहिती असलेलं कडं किंवा साखळी असेल तर ती टेपनं अंगाला चिकटवून खेळता येतं. म्हणजे टेपचा रस्ता नियमानंच दाखवलाय. मेडिकलमध्ये मिळणारी चिकटपट्टी घ्या, कुडीवर लावा, माळ शर्टच्या आत घालून चिकटवा, दोरा असू दे. माळकरी पोराला माळ उतरव म्हणणं म्हणजे काय हे ज्या घरात माळ आहे त्यालाच कळतं, आणि तो पोरगा खेळ सोडेल पण माळ उतरवणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मोठ्या खेळांनाही हे उशिरा का होईना कळलंय. २०१४ साली चीनमध्ये वुहानला बास्केटबॉलच्या आशिया कपात भारताच्या शीख खेळाडूंना डोक्यावरची पगडी उतरवायला लावली होती, नियमात डोक्यावर काही चालत नाही म्हणून. पुढं बोंबाबोंब झाली आणि २०१७ मध्ये फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, तो नियमच बदलला. तीन वर्षं लागली त्यांना. आमच्या तालुक्याच्या अंपायरला टेप फाडायला तीन मिनिटं पुरतात.

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो ती सांगतो. पोरींची मॅच, स्कोअर अगदी जवळजवळ. खानापूरकडच्या एका शाळेची बारकी पोरगी बॅटिंगला आली, दोन पोरी बेसवर. तिनं शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस या दोन फिल्डरच्या मधनं असा बॉल मारला की लेफ्ट फील्डरला पाठमोरं पळावं लागलं, दोन रन आले आणि ही सेकंड बेसवर जाऊन थांबली, हेल्मेट डोळ्यावर आलेलं, दोन्ही हात गुडघ्यावर. तेवढ्यात समोरच्या टीमचे कोच आत आले, बॅट उचलली आणि अंपायरला दाखवली, यावर मान्यतेचा शिक्का नाही. शिक्का नव्हता हे खरं. मेरठ-जालंधरची साधी बॅट, आमच्या बऱ्याच शाळांकडं तसलीच असते. अंपायरनं मोबाईलवर नियम उघडला, वाचला, आणि पोरीला आऊट दिलं, दोन्ही रन कापले, पळणाऱ्या दोघींना मागं पाठवलं. नियमात तसं आहे, बेकायदा बॅट वापरताना सापडलं तर बॅटर आऊट. पण मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं की ती बॅट पहिल्या इनिंगपासून चालू होती आणि समोरच्या टीमच्या पोरींनीही त्याच बॅटनं मारलं होतं, कारण त्यांच्याकडच्या बॅटची ग्रिप सुटली होती म्हणून ही मागून घेतली होती. मागून घेताना शिक्का कुणी बघितला नाही. बोलणं सगळं कानडीत आणि इंग्रजीत चाललेलं, ती पोरगी बेसवर उभी, तिच्या सरांनी हातानं ये म्हणून खुणावलं तशी आली आणि टेबलाजवळनं जाताना विचारलं, "सर, मी काय केलो?"

मी काय सांगणार तिला. मला ते दोन रन खोडायला लागले.

कुणी म्हणेल नियमापुढं अंपायर तरी काय करणार. तर याच्यासारखीच गोष्ट अमेरिकेत बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये घडलेली आहे, आणि तिचा शेवट काय झाला ते आमच्या प्रत्येक अंपायरनं वाचावं असं मला मनापासून वाटतं. २४ जुलै १९८३, न्यूयॉर्क यांकीजचं यांकी स्टेडियम, समोरची टीम कॅन्सस सिटी रॉयल्स एका रननं मागं, नववी म्हणजे शेवटची इनिंग, तीनपैकी दोन आऊट, आणि रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटनं होमरन, म्हणजे सिक्ससारखा मैदानाबाहेरचा फटका, मारला, दोन रन आले, टीम ५-४ नं पुढं. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आले आणि म्हणाले याच्या बॅटवर पाइन टार जास्त आहे. पाइन टार म्हणजे हात घसरू नये म्हणून मुठीकडं लावायचा चिकट राळेसारखा पदार्थ, तो मुठीपासून १८ इंचापर्यंतच लावायचा असा नियम. अंपायरनी बॅट होम प्लेटवर आडवी ठेवली, प्लेट १७ इंच रुंद असते, त्यावरनं मापलं, राळ बरीच वर गेलेली. ब्रेट आऊट, मॅच संपली, यांकीज जिंकले. ब्रेट जो चिडून धावत आला त्याचा व्हिडिओ आजही लोक बघतात. पण रॉयल्सनी तक्रार केली आणि लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी अंपायरांचा निर्णय फिरवला. त्यांचं म्हणणं असं की हा नियम बॉल खराब होऊ नयेत म्हणून आहे, राळेनं बॉल लांब जात नाही, नियमाच्या हेतूप्रमाणं ती बॅट मॅचमधनं काढून टाकायची होती, मारलेला फटका रद्द करायचा नव्हता. १८ ऑगस्टला त्या होमरनपासून पुढं मॅच परत खेळवली आणि रॉयल्स ५-४ नंच जिंकले. नंतर नियमातही घातलं की असल्या बॅटबद्दल तक्रार करायची तर ती बॅट वापरायच्या आधी करा.

वापरायच्या आधी. लाखो डॉलर घेणाऱ्या माणसांना ही सवलत मिळते आणि आमच्या खानापूरच्या पोरीला मिळत नाही.

आणि अमेरिकेतच कशाला जायचं. २०२५ च्या आयपीएलमध्ये अंपायर मैदानावरच मापाचं गेज, म्हणजे बॅट आरपार गेली पाहिजे असा साचा, घेऊन बॅटा तपासायला लागले, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. कोलकात्याच्या सुनील नरेनची बॅट पंजाबविरुद्धच्या मॅचमध्ये गेजमधनं गेली नाही. काय झालं? दुसरी बॅट घेतली आणि खेळायला गेला. आऊट नाही, रन कापणं नाही, काही नाही. एवढे पैसे लागलेल्या स्पर्धेत बॅट बदल एवढंच सांगतात. कबड्डीत तर आमच्या गावागावात हीच पद्धत आहे, मॅचच्या आधी दोन्ही टीम रांगेत उभ्या, पंच एकेकाचे हात उलटे करून नखं बघतात, अंगाला तेल लावलंय का बघतात, नखं वाढलेली दिसली की कुणाच्या तरी खिशातलं नेलकटर पुढं येतं, कापली की चल आत. रेड मारून चार गडी बाद केल्यावर कुणाची नखं बघायला गेलेलं मी तरी कधी बघितलं नाही. मग सॉफ्टबॉलमध्येच ही अक्कल का चालत नाही?

ज्युडोचं उदाहरण मला सगळ्यात जास्त पटतं. बेळगावात ज्युडो चांगला रुजलाय, आणि आपल्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव, जिनं २०१८ ला जकार्ताच्या आशियाई खेळात कुराश या ज्युडोसारख्याच कुस्तीत ब्राँझ आणलं, तीही ज्युडोतनंच आलेली. आंतरराष्ट्रीय ज्युडोत मॅटवर जायच्या आधी खेळाडूचा ज्युडोगी, म्हणजे अंगातला तो जाड कपडा, मोजून बघतात, बाह्या किती लांब, अंगाला किती सैल. मापात बसला नाही तर खेळाडूला दुसरा ज्युडोगी घालून खेळू देतात, आणि शिक्षा कोचला, त्या लढतीला कोचनं खुर्चीवर बसायचं नाही. किती शहाणपणाचं आहे बघा. कपडा कुणी बघायचा होता? कोचनं. चूक कुणाची? कोचची. मग बाहेर कोण बसणार? कोच. आमच्याकडं सगळं उलटं, पैसे शाळेनं दिले नाहीत, बॅट सरांनी आणली, अंपायरनं आधी बघितली नाही, आणि आऊट कोण, तर आठवीतली पोरगी.

यावर शिस्तीचा मुद्दा येतोच. लहानपणीच सवय लावली नाही तर पुढं जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर गेल्यावर अडचण होईल, तिथं कुणी ऐकून घेणार नाही. मुद्दा बरोबर आहे. पण सवय लावायची म्हणजे आधी सांगायचं, दाखवायचं, दुसऱ्यांदा आल्यावर परत विचारायचं. न सांगता फटका मारल्यावर पकडलं तर पोरगं काय शिकतं? ते हे शिकतं की नियम म्हणजे समोरच्याला पाडायला खिशात ठेवायची वस्तू, आपल्याला गरज लागेल तेव्हा काढायची. त्या दिवशीच्या कोचना शिक्का नसलेली बॅट आधीच दिसली नसेल हे मला पटत नाही, त्यांच्याच पोरी त्या बॅटनं खेळत होत्या. दोन रन गेल्यावर ती त्यांना दिसली. आणि ते सगळं त्यांच्या पोरींनीही बघितलं.

काही जण विनेश फोगाटचं नाव काढतात. २०२४ ला पॅरिसमध्ये फायनलच्या दिवशी १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून बाहेर, तिथं कुणी दया दाखवली का? आपला सगळा भाग तालमीतला, ती गोष्ट सगळ्यांच्याच जिवाला लागली होती. पण तिथं वजन लढतीच्या आधी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांचं एकाच काट्यावर होतं, नियम सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि खेळाडू ऑलिंपिकची, सोबत डॉक्टर, कोच, सगळा ताफा. निकाल पटो न पटो, कुणी मॅट्रिकच्या आतल्या पोरीला न सांगितलेल्या नियमावर पकडलेलं नाही तिथं. त्या उदाहरणावरून तालुक्याची मॅच चालवायची नसते.

आणि कडकच व्हायचंय ना, तर वयाच्या दाखल्याला व्हा की. शाळेच्या खेळातली खरी लबाडी वयाची, दाढी फुटलेली पोरं खालच्या गटात उतरतात, सगळ्या मैदानाला दिसतं, आणि तिथं कागद बरोबर आहे म्हणून सगळे गप्प. ती लबाडी मोठी माणसं करतात, ठरवून करतात, आणि त्यात समोरच्या खऱ्या वयाच्या पोराचं वर्ष जातं. तिकडं डोळेझाक आणि इकडं मनगटाचा दोरा कापायला कात्री शोधणार, याला मी शिस्त म्हणायला तयार नाही.

अंपायरांची बाजूही सांगायला पाहिजे. आमच्याकडं अंपायर म्हणजे कुठल्यातरी शाळेचे पीटी सरच, सकाळी आपली पोरं घेऊन आलेले, दुपारी दुसऱ्यांच्या मॅचला उभे, भत्ता नावाला, डोक्यावर पाऊस, आणि हरलेल्या शाळेचे चार लोक येऊन अंगावर ओरडणार हे ठरलेलं. अशा माणसाला पुस्तकातली ओळ हा एकच आधार असतो, ओळ दाखवली की निदान त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होत नाही. म्हणून मी अंपायरला दोष देऊन थांबत नाही. त्याला सोडवायचं असेल तर निर्णयाची वेळच बदलली पाहिजे, मॅच तापलेली असताना बॅटच्या शिक्क्यावर निर्णय घ्यायची पाळीच त्याच्यावर येऊ नये. टॉसच्या आधी दोन्ही टीमचं सामान एका सतरंजीवर मांडायचं, अंपायर आणि दोन्ही कोच मिळून बघणार, चीर असलेली बॅट बाजूला, पट्टा नसलेलं हेल्मेट बाजूला, शिक्का नसलेली बॅट चालवायची का नाही ते तिथंच ठरणार आणि दोन्ही टीमला सारखं लागू होणार, आणि स्कोअरशीटच्या खाली दोघांच्या सह्या. सही झाली की त्या सामानावर परत तक्रार नाही. मॅच चालू असताना काही मोडलं, सुटलं, तर ते सुरक्षिततेचं असेल तर मॅच थांबवून बदलायचं, नसेल तर मॅच झाल्यावर रिपोर्टमध्ये लिहायचं. तीच शाळा परत तसंच सामान घेऊन आली तर पुढच्या मॅचला कोच लाइनच्या बाहेर. पोरं खेळणार.

यातला अर्धा ताप तर सामान संयोजकांनी पुरवलं तरी जातो. तालुक्याला एक चांगला कॅचरचा सेट, हेल्मेट, दोन-तीन मान्यतेच्या बॅटा, हे स्पर्धेच्या ठिकाणी ठेवा आणि दोन्ही टीम तेच वापरू देत. प्रत्येक शाळेनं वेगळं घ्यायचं म्हटलं तर खेड्यातल्या शाळा कधीच घेऊ शकणार नाहीत, आणि पोरं तर आत्ताही एकमेकांचे ग्लोव्ह घालूनच खेळतात, त्यांना वाटून घ्यायची सवय आहे.

भाषेचंही बोलतो, आणि हे सीमाप्रश्न म्हणून बोलत नाही, मैदानाचा प्रश्न म्हणून बोलतो. स्पर्धेचं परिपत्रक कानडीत येतं, नियम इंग्रजीत असतात, मराठी माध्यमाच्या शाळेत ते पीटी सरांनी तोंडी सांगितलं तर पोरांना कळतं, सर रजेवर असले की कळत नाही. आमची पोरं शाळेत कानडी शिकतात, बाजारात बोलतात, पण शिक्का, मान्यता, गार्ड, तक्रारीची मुदत असल्या गोष्टी तेवढ्यावर समजतील असं धरून चालणं बरोबर नाही, तसंच कानडी माध्यमाच्या पोरांनाही इंग्रजी नियम कळतात असं नाही. अर्ध्या पानात मावेल एवढंच आहे हे: काय घातल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही, काय टेप लावून चालतं, तपासणी कधी, तक्रार कुठपर्यंत. वर कानडी, खाली मराठी, बाजूला कॅचरचं चित्र. स्पर्धांच्या आधी तालुक्यात पीटी सरांची मीटिंग होतेच, यंदा त्या मीटिंगला हे पान वाटा, वाचून दाखवा, सह्या घ्या, आणि प्रत्येक शाळेनं ते नोटीस बोर्डावर लावावं, म्हणजे बसमध्ये चढायच्या आधीच पोरांना कळेल की बॅगेत काय पाहिजे.